उहुराचा लाल ड्रेस: ‘इंटिग्रेशन’ला मराठीत काय लिहायचं?

लेबललेखक
वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृती संग्रहालयाच्या संग्रहात ‘स्टार ट्रेक’ या अंतराळजहाजावरच्या अमेरिकी टीव्ही मालिकेतल्या लेफ्टनंट उहुरा या संदेशवहन अधिकारी बाईचा लाल ड्रेस आहे. भूमिका कृष्णवर्णीय अभिनेत्री निशेल निकोल्स यांची, ड्रेसची रचना विल्यम वेअर थीस यांची. त्यावर मराठीत एक छोटी चित्रओळ लिहायची आहे आणि दोन जागी अडलंय. ‘रेशियल इंटिग्रेशन’ला मी ‘वांशिक एकात्मता’ लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘वांशिक समावेशन’ केलं. मला आता दोन्ही खटकतात. दुसरं म्हणजे ‘कॉस्च्युम’ला पोशाख म्हणायचं की वेशभूषा?

कोशवाला
‘एकात्मता’ नकोच. ‘राष्ट्रीय एकात्मता’ म्हटलं की शपथ आणि प्रभातफेरी डोळ्यांसमोर येते, म्हणजे ती मनाची गोष्ट झाली. अमेरिकेत हा शब्द आधी कायद्याचा आहे. शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, आणि ही वेगळी व्यवस्था मोडणं म्हणजे इंटिग्रेशन. शाळांबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा, नागरी हक्क कायदा १९६४ चा आणि मालिका सुरू झाली ८ सप्टेंबर १९६६ ला. ‘समावेशन’मध्ये कुणीतरी मोठ्या मनाने आत घेतल्याचा वास येतो. हा हक्क होता, मेहेरबानी नव्हे.

पाणवठा
आपल्याकडे यासाठी शब्द घडलेले आहेत, ते विसरून संस्कृत धातूंकडे कशाला धावायचं? मंदिरप्रवेश, सहभोजन, पाणवठा खुला करणं. महाड १९२७, काळाराम १९३०. या सगळ्यात ‘प्रवेश’ आणि ‘खुलं होणं’ ही क्रियापदं आहेत. ‘वर्णभेदाची बंदी मोडून मिळवलेला प्रवेश’ असं लिहा. लांब आहे, पण खरं आहे.

कोशवाला
जातीची शब्दकळा जशीच्या तशी अमेरिकेवर चढवणं धोक्याचं आहे. शिवाय ‘वर्णभेद’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांनी दक्षिण आफ्रिकेसाठी इतका वापरलाय की वाचक तिकडेच जाईल. त्यात ‘वर्ण’ म्हणजे रंग की चातुर्वर्ण्यातला वर्ण, हा घोळ वेगळाच.

पाणवठा
चढवणारे आपण पहिले नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांनाच. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. मराठीत हा पूल दीडशे वर्षं उभा आहे. वाचकाला ‘प्रवेश’ कळेल, ‘समावेशन’ शासकीय परिपत्रकातलं वाटेल.

कपडेपट
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. पोशाखही नाही, वेशभूषाही नाही. गणवेश लिहा. हा ड्रेस महत्त्वाचा आहे तो तो गणवेश आहे म्हणूनच.

बारकाईने पाहा. लाल रंग जहाजावरच्या अभियांत्रिकी, सुरक्षा आणि संदेशवहन या शाखांचा. मुख्य अभियंता स्कॉटी गोरा आहे आणि त्याच्या अंगावरही तोच लाल. छातीवर डाव्या बाजूला बाणाच्या टोकासारखं चिन्ह आणि त्यात शाखेची खूण, तीही एकच. बाहीच्या टोकाला सोनेरी फीत, लेफ्टनंटला एक. आशियाई वंशाचा सुलूही लेफ्टनंट, त्यालाही एक. त्या काळी अमेरिकी पडद्यावर काळ्या बाईच्या अंगावर घरकामाचं अॅप्रन सहज दिसे. इथे तिचा हुद्दा मनगटावर शिवलेला आहे, संवादातून सांगावा लागत नाही. ‘वेशभूषा’ म्हटलं की हे सगळं पुसलं जातं.

तिरकी_शिवण
पटलं, पण अर्धंच. पुरुषांना अंगरखा आणि काळी पँट, बायकांना मांडीपर्यंतचा झगा. म्हणजे वंशाच्या बाबतीत गणवेश आणि बाई म्हणून वेशभूषा. मालिकेच्या आधीच्या दोन्ही चाचणी भागांत बायकांनाही पँट होती, आखूड झगा नंतर आला. शिवाय सुरुवातीच्या काही भागांत उहुरा लाल नाही, पिवळसर सोनेरी कपड्यात आहे. ‘लाल गणवेश’ लिहा, फक्त ‘पहिल्या दिवसापासून’ असं जोडू नका.

वर्दीवाला
‘गणवेश’ हा सावरकरी शब्द, शाळेचा वास येतो. ‘वर्दी’ का नको? लष्करी वाटेल.

कोशवाला
मराठीत वर्दी पोलिसांना ‘देतात’, म्हणजे खबर. रिक्षावाले मुलांची शाळेची वर्दी ‘करतात’. अंगावर ‘चढवायची’ वर्दी आपल्याकडे मुख्यतः हिंदी सिनेमातून आली. आणि शब्द कुणी घडवला यावर तो टाकायचा झाला तर ‘दिग्दर्शक’ आणि ‘महापौर’ही टाकावे लागतील.

लेबललेखक
‘गणवेश’ घेतो. पुढची ओळ अशी आहे: ‘मखमली कापडाच्या याच लाल गणवेशात २२ नोव्हेंबर १९६८ च्या भागात कृष्णवर्णीय स्त्री आणि गोऱ्या पुरुषाचं गाजलेलं चुंबन दिसलं.’ चालेल?

कपडेपट
दोन चुका आहेत. त्या प्रसंगात दोघेही ग्रीक धाटणीच्या कपड्यांत आहेत, लाल गणवेश तिथे नाही. ‘पहिलं आंतरवंशीय चुंबन’ असंही लिहू नका, त्यावर वाद आहे. संदर्भ द्यायचाच तर हा द्या: आंतरवंशीय विवाहांवरची राज्यांची बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली १२ जून १९६७ ला, म्हणजे त्या भागाच्या जेमतेम दीड वर्ष आधी.

आणि कापड मखमल नाही, वेलूर आहे. मखमल मागावर विणतात, ती ताणली जात नाही. हे वेलूर होजिअरीच्या जातीचं, म्हणजे टाक्यांचं विणकाम आणि वर लव. ते अंगाबरोबर ताणतं, म्हणून अंगाला घट्ट बसतं.

कोशवाला
फ्रेंचमध्ये ‘व्हलूर’ म्हणजेच मखमल. मुळात दोन्ही शब्दांचा अर्थ लवदार. मराठी वाचकाला ‘वेलूर’ काय कळणार?

तिरकी_शिवण
कापडाच्या दुकानात वेलूर म्हटलं की दुकानदार बरोबर तोच तागा काढतो. आणि हा फरक शब्दापुरता नाही, त्या ड्रेसचं सगळं दुखणं त्यात आहे.

लव असलेलं कापड कापताना पुढा, पाठ आणि दोन्ही बाह्या एकाच दिशेने ठेवाव्या लागतात. एक तुकडा उलटा ठेवला की दिव्याखाली तो वेगळ्या छटेचा दिसतो, आणि रंगीत चित्रणात हे लपत नाही. त्यामुळे कापड जास्त लागतं. शिवताना लवीवर लव सरकते, वरचा थर पुढे जातो. म्हणून आधी कच्चा टाका आणि मगच मशीन. सुई गोल टोकाची हवी, टोकदार सुईने टाका तुटून घर सुटतं. इस्त्री सरळ बाजूने दाबली की लव बसते आणि डाग पडल्यासारखी चमक राहते.

खरी पंचाईत धुलाईची. चित्रीकरणातले कपडे रोज स्वच्छ करावे लागत आणि वेलूर दर खेपेला आटे. होजिअरीत कारखान्यातच टाके ओढले गेलेले असतात, उष्णता आणि ओल मिळाली की ते मूळ जागी परततात. अस्तर आणि शिवणीचा दोरा मात्र तेवढा आटत नाही, म्हणून शिवण गोळा होते आणि घट्ट जागी उसवते. माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, मोजकी सोडली असेल तर पुन्हा सैल करायला जागाच उरत नाही. आधीच आखूड असलेल्या झग्यात एवढ्याने फार फरक पडतो. तिसऱ्या हंगामात वेलूर सोडून दुहेरी विणीचं नायलॉन आणलं ते यासाठीच. म्हणून ओळीत कापडाचं नाव घालण्याआधी संग्रहातला नग कोणत्या हंगामाचा ते नोंदीत पाहा.

वर्दीवाला
आणि कप्तानाचा सोनेरी अंगरखा?

कपडेपट
प्रत्यक्षात हिरवट होता. स्टुडिओचे दिवे आणि फिल्म मिळून तो पडद्यावर सोनेरी दिसे.

पाणवठा
कापडावरून परत माणसाकडे येऊ. पहिल्या हंगामानंतर निकोल्स मालिका सोडायला निघाल्या होत्या, रंगभूमीवर जायचं होतं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबवलं, ही हकीकत त्यांनी स्वतः पुष्कळदा सांगितली आहे. किंग यांचा मुद्दा असा की ही भूमिका घरकाम करणारीची नाही, जहाजावर बरोबरीच्या हुद्द्यावरच्या बाईची आहे आणि एकदा रिकामी झालेली ती जागा कुणालाही देता येईल. पुढे १९७७ पासून निकोल्स यांनी नासासाठी बायका आणि कृष्णवर्णीय अंतराळवीर-उमेदवार जमवण्याचं काम केलं. १९७८ च्या तुकडीत सॅली राइड आणि गाय ब्लूफोर्ड निवडले गेले, पुढे अंतराळात गेलेली पहिली अमेरिकी बाई आणि पहिला कृष्णवर्णीय अमेरिकी तेच. याला ‘समावेशन’ म्हणून कसं भागेल? मी ‘प्रवेश’वर ठाम आहे.

कोशवाला
‘प्रवेश’ दारात थांबतो. आत गेल्यावर बरोबरीने काम करणं त्यात येत नाही, आणि तुम्ही आत्ता सांगितलेला किंग यांचा मुद्दा नेमका तोच आहे. ‘वांशिक सहभाग’?

पाणवठा
‘सहभाग’ प्रमाणपत्रावर असतो.

तिरकी_शिवण
लेबललेखक, ड्रेसचा फोटो मांडणार आहात की प्रतिकृती? प्रतिकृती असेल तर हँगरवर टांगू नका. होजिअरी स्वतःच्या वजनाने खांद्यापासून लोंबते आणि महिन्याभरात घेर वाकडा होतो. आतून भरलेल्या धडावर चढवा, उजेड ५० लक्सच्या वर नको. लाल रंग उजेडाने विटला की तो परत आणता येत नाही.

लेबललेखक
प्रतिकृती आहे, वेलूरचीच. धड मिळेल. ‘आटणे’ लिहू की ‘आक्रसणे’?

वर्दीवाला
आटतं ते दूध. कापड आखडतं.

तिरकी_शिवण
शिंपी ‘आटतं’ म्हणतात. तेच लिहा.