जुन्या सॅन स्टॉर्मचा क्लच घरी बदलायचा आहे. सेन्सर काढण्याबाबत सल्ला हवा

स्टॉर्म_फोंडा
नमस्कार. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. फायबरग्लासची बॉडी आणि रेनोचे ११४९ सीसी इंजिन असलेली ही दोन आसनी गाडी मी अजूनही नियमित चालवतो. अलीकडे चोर्ला घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो, पण वेग तेवढाच राहतो आणि वर पोहोचेपर्यंत जळका वास येऊ लागतो. पेडलची मोकळी चाल तपासली, ती योग्य आहे. त्यामुळे क्लच प्लेट संपली आहे याविषयी मला शंका नाही. गिअरबॉक्स उतरवून हे काम मला स्वतः करायचे आहे. लागणारी हत्यारे धरून २५,००० रुपयांच्या वर जायचे नाही. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. क्लच सेट कोठून घ्यावा? आणि बेल हाउसिंगवर (गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या कवचावर) बसवलेला क्रँक सेन्सर (इंजिनच्या फिरण्याची नोंद घेणारा) जागेवर इतका घट्ट धरला आहे की बोटांनी जरासुद्धा हलत नाही, तो न मोडता कसा काढावा? गाडी पत्र्याच्या शेडमध्ये आहे आणि चतुर्थीपूर्वी काम संपवायचे आहे.

डिचोलीकर
स्वतः करण्याचा विचार चांगला आहे, पण सेन्सर सर्वांत आधी बाहेर काढा. माझ्या जुन्या गाडीचा क्लच एका गॅरेजमध्ये बदलून घेतला, तेव्हा तेथील माणसाने सेन्सर जागेवर ठेवूनच गिअरबॉक्स मागे ओढला आणि सेन्सरचे टोक फ्लायव्हीलच्या (इंजिनला जोडलेल्या जड चाकाच्या) दातांवर आपटून फुटले. त्यानंतर स्टार्टर फिरत होता, पण इंजिन पेटत नव्हते. वर मला इंधन पंप बदलायला लावला आणि त्याचे पैसेही घेतले. त्या गॅरेजचे नाव येथे लिहीत नाही, पण तो संताप अजून गेलेला नाही.

म्हापसा_व्हाया_दुबई
दुबईत माझ्याकडे पोर्शे ९४४ होती, १९८२ ते १९९१ या काळात तयार झालेले ते मॉडेल. तिचा क्लच मी स्वतः बदलला आहे, म्हणून अधिकाराने लिहितो. त्या गाडीत गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आणि क्लच पुढे इंजिनपाशी असतो. त्यामुळे एक्झॉस्ट आणि दोघांना जोडणारी टॉर्क ट्यूब हलवल्याशिवाय क्लच दिसतसुद्धा नाही. त्यापुढे तुमचे काम फारच सोपे आहे. माझा स्पष्ट सल्ला असा की अर्धवट काही करू नका. क्लच सेट, फ्लायव्हील, सेन्सर, सर्व काही युरोपातून नवे मागवा. सेन्सर बसवताना फ्लायव्हीलपासूनचे अंतर ०.८ मिलिमीटर ठेवा. मी सेन्सरच्या टोकाला तेवढ्याच जाडीचा वॉशर चिकटवला, तो टेकेपर्यंत सेन्सर खाली सरकवला, ब्रॅकेटचा बोल्ट आवळला आणि मग सेन्सर काढून वॉशर सोडवला. ९४४ला असे दोन सेन्सर शेजारी शेजारी असतात आणि त्यांचे कनेक्टर एकसारखे दिसतात. ते उलटे जोडले तर गाडी सुरू होत नाही, म्हणून आधी खूण करावी.

मडगाव_रोडस्टर
वरील माहिती पोर्शेसाठी बरोबर आहे, परंतु येथे ती लागू होत नाही. रेनोच्या या इंजिनांवर सेन्सर दोन खास शोल्डर बोल्टांनी (आट्यांच्या वर जाड, गुळगुळीत खांदा असलेल्या) धरलेला असतो आणि त्या बोल्टांच्या खांद्यामुळेच सेन्सरची जागा ठरते. अंतर हाताने लावायचे नसते. ते बोल्ट हरवले आणि त्यांच्या जागी बाजारातले साधे बोल्ट घातले, तर सेन्सर किंचित सरकलेला बसू शकतो आणि मग चुकीच्या वाचनाचे कारण शोधताना माणूस थकून जातो.

म्हापसा_व्हाया_दुबई
अंतर महत्त्वाचे नाही असे कोणीही म्हणू नये. चुंबकीय सेन्सरचे तत्त्व सगळीकडे एकच आहे.

मडगाव_रोडस्टर
तत्त्व एकच आहे हे मान्य. अंतर राखण्याची व्यवस्था वेगळी आहे, एवढेच मी म्हणतो. वॉशर चिकटवायला त्या सेन्सरला वरखाली सरकण्याची सोयच नाही.

साखळीचा_पाना
मूळ प्रश्न बाजूला पडतो आहे. सेन्सर अडकण्याचे कारण आपली हवा आहे. बोल्ट पोलादी, हाउसिंग ॲल्युमिनियमचे आणि त्यावर पावसाळ्यातील दमटपणा; दोन्हींच्या मध्ये पांढरी पूड धरते आणि तीच सेन्सरला आवळून ठेवते. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडा. कनेक्टरची क्लिप इंजिनच्या उष्णतेने ठिसूळ झालेली असते. ती ओढू नका, बारीक स्क्रूड्रायव्हरने उचला. सेन्सरभोवतीची घाण ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने आधी स्वच्छ करा, नाहीतर सेन्सर निघताच ती सगळी आत क्लचवर पडेल. मग गंज सोडवणारे तेल थोडेसेच टाकून रात्रभर राहू द्या. सकाळी बोल्ट सोडवताना एकदम सैल करू नका. थोडा सैल, थोडा घट्ट, पुन्हा सैल, असे केल्याने आटे शाबूत राहतात. बोल्ट निघाल्यावर सेन्सर पक्कडीत धरून वर खेचू नका आणि त्याच्याखाली पहार घालून उचकटूही नका. फळीचा लहान तुकडा टेकवून त्यावर हलके ठोके द्या, म्हणजे तो किंचित हलेल. हलला की दोन बोटांनी सरळ वर घ्या. टोकावर लोखंडी कणांची काळी लव चिकटलेली दिसेल, ती फडक्याने पुसा. काढण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर दोन्ही वेळा मल्टिमीटरने सेन्सरचा विद्युत रोध मोजा. आकडा तोच आला तर सेन्सरमधली तारेची कॉइल सुखरूप आहे, तेव्हा नव्या सेन्सरवर खर्च करण्याचे कारण नाही.

केपेकर
वर सांगितले तेच सांगतो, सेन्सर आधी काढा. क्लच सेटसाठी एवढा पैसा घालू नका. जुन्या प्लेटला नवे लाइनिंग (घर्षणाचा थर) रिव्हेट करून देणारे कारागीर अजून आहेत आणि माझ्या जीपला तसेच लाइनिंग उत्तम चालले आहे. गाडी मात्र चिऱ्यांवर टेकवू नका. आमच्या शेजाऱ्याने तसे केले होते. चिरा दिसतो भक्कम, पण भार एका कोपऱ्यावर आला की भुगा होतो. त्या वेळी गाडीखाली कोणी नव्हते म्हणून निभावले. चांगले जॅक स्टँड घ्या आणि चाकांना अडण लावा.

साखळीचा_पाना
चिऱ्यांबाबत पूर्ण सहमत आहे. लाइनिंगबाबत नाही. जीपचा क्लच आणि या गाडीचा क्लच यांत फरक आहे. शिवाय प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा ढिल्या झालेल्या असतील तर नवे लाइनिंग मारून उपयोग काय? रेनोने हेच डी७एफ इंजिन ट्विंगो आणि क्लिओ या गाड्यांना दिले होते, त्यामुळे क्लच सेट मिळणे अशक्य नाही. मुंबईत ऑपेरा हाऊस परिसरातील दुकानांत विचारा, पण जुनी प्लेट हातात घेऊनच जा. व्यास आणि मधल्या खाचांची संख्या जुळल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि एक गोष्ट कृपया मनावर घ्या. आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, कारण जुन्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाका.

वास्को_गॅरेज
चतुर्थीनंतर करा. पावसात गाडी उघडून ठेवली की फ्लायव्हीलवर एका रात्रीत गंजाचा थर येतो. गिअरबॉक्स उतरलेला असताना क्रँकचे मागचे ऑईल सील बदलून घ्या, ते स्वस्त असते आणि नंतर त्याच्यासाठी पुन्हा सगळे उतरवावे लागते. गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, नवी प्लेट वाकेल. दोघे माणसे लागतील.

डिचोलीकर
मीही चतुर्थीनंतरच म्हणतो. आणि नवा सेन्सर जवळ ठेवा. माझा फुटला तेव्हा दुसरा मिळेपर्यंत गाडी किती काळ उभी होती, हे आठवले की आजही राग येतो.

स्टॉर्म_फोंडा
सर्वांचे मनापासून आभार. काल बोल्टांना तेल लावून ठेवले होते. आज फळीच्या तुकड्याने ठोके दिल्यावर सेन्सर अखंड निघाला आणि रोधही काढण्यापूर्वीच्या आकड्याएवढाच आला. तोच परत बसवणार आहे, नवा घेणार नाही. शोल्डर बोल्ट नाव लिहून वेगळ्या डबीत ठेवले आहेत. काम चतुर्थीपूर्वीच करणार, कारण तेव्हाच माझा धाकटा भाऊ गिअरबॉक्स धरायला घरी असेल. फ्लायव्हील उघडे राहील त्या रात्री त्यावर तेलाचा हलका हात फिरवीन आणि प्लेट बसवण्यापूर्वी ब्रेक क्लीनरने ते पूर्ण पुसून काढीन. क्लचबाबत मी केपेकरांच्या बाजूने झुकलो आहे. प्लेट बाहेर आल्यावर स्प्रिंगा घट्ट असतील आणि प्रेशर प्लेटची (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाची) बोटे एका उंचीत असतील, तर लाइनिंग मारून घेईन आणि रिलीज बेअरिंग व ऑईल सील नवे घालीन. तसे नसेल तर जुनी प्लेट घेऊन मुंबई गाठीन. उरलेल्या पैशांतून आधी जॅक स्टँडची जोडी घेतो आहे.

म्हापसा_व्हाया_दुबई
फ्लायव्हील तरी नवे घ्यायला हवे होते.