मदत हवी आहे: सातवीचा पाण्याचा प्रकल्प, पट ४४, तासिका ३५ मिनिटांची

खडूफळा
सातवीच्या गणित-विज्ञानाला जोडून ऑगस्टमध्ये चार आठवडे पाण्यावर प्रकल्प घ्यायचा आहे. आठवड्याला पाच तासिका मिळतील. इमारत पत्र्याची. अडचण अशी की 'पाणी वाचवा' विषय दिला की थर्माकोलचा बंधारा आणि रंगीत तक्ता येतो, तोही घरच्यांनी केलेला. मुलांनी स्वतः मोजावं आणि त्यावरून काही ठरवावं असं हवंय. आव्हान कसं मांडू? आणि गटात एकानेच काम केलं तर गुण कसे द्यायचे?

मोजपट्टी
'पाणी वाचवा' ही घोषणा आहे. तिला उत्तर नसतं, म्हणून तक्ता येतो. असं विचारा: 'आपल्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी स्वच्छतागृहाला पुरेल का, आणि त्यासाठी टाकी केवढी हवी?' हे मोबाइलवर सापडत नाही आणि घरच्यांनाही येत नाही. पत्रा मोजावाच लागतो. शेवटी मुलांनी हे आकडे शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडायचे. त्या बैठकीची तारीख पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा.

एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर, हे सूत्र आयतं देऊ नका. १०० × १०० × ०.१ घनसेमी एवढ्यावर सोडा, मुलं काढतात. पत्रा १२ × ६ मीटर असेल तर ७२ चौ.मी.; २५ मिमी पावसाचे १८०० लिटर. काही पाणी उडतं, काही पन्हळीबाहेर जातं, म्हणून ०.८ ने गुणून १४४० धरा.

इथे हमखास होणारी चूक: मुलं उतरत्या पत्र्याची लांबी धरतात आणि क्षेत्रफळ फुगतं. पाऊस वरून पडतो, त्यामुळे पत्र्याने झाकलेली जमीन मोजायची. पागोळ्यांनी अंगणात दोन्ही बाजूंना रेघ पाडलेली असते, या रेघेपासून त्या रेघेपर्यंत टेप धरा. कुणाला वर चढायचं कामच नाही.

वापराच्या बाजूने तीन दिवस बादल्या मोजा. '१५ लिटर' हे माप काठोकाठचं असतं, तेवढी कुणी भरत नाही. लिटरच्या बाटलीने एकदा मापून बादलीत आतून खूण करा. आणि हे पाणी पिण्यासाठी नाही, पहिल्या सरीचं तर टाकीतही घ्यायचं नाही, हे सुरुवातीलाच ठरवा.

पन्हळ
पर्जन्यमापकाबद्दल. सरळ, गुळगुळीत अंगाची दोन लिटरची बाटली घ्या. कंगोऱ्यांची किंवा मध्ये कमरेची नको, तिथे मिलिमीटर खोटे होतात. निमुळता भाग जिथे संपतो तिथे कापा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. बुडाला उंचवटे असतात, म्हणून खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा. ती पातळी शून्य. पट्टी तिथून चिकटवा. कोरड्या दिवशी हे पाणी उडून पातळी उतरते आणि पुढचा पाऊस कमी दिसतो, म्हणून रोज वाचन झालं की शून्यापर्यंत आणून ठेवायचं.

ठेवायची जागा उघडी हवी, ४ मीटर भिंतीपासून निदान ८ मीटर लांब. दोन विटांच्या मध्ये बसवा, नाहीतर वाऱ्याने कलंडते.

सरळ बाटली मिळाली नाही तर १० सेमी व्यासाचं नरसाळं कुठल्याही बाटलीवर बसवा. तोंड ७८.५ चौ.सेमी, म्हणजे ७.८५ मिली पाणी = १ मिमी. पाणी सिरिंजने मोजा. वर्तुळाचं क्षेत्रफळ अजून झालं नसेल तर आलेखाच्या कागदावर चौकोन मोजा.

तासिका
चौघांचे ११ गट. मोजणारा, लिहिणारा, पुन्हा मोजून पाहणारा, सांगणारा; दर सोमवारी कामं फिरवा, नाहीतर हुशार मूल चार आठवडे लिहीतच बसतं. एका तासिकेत ११ गट बघणं होत नाही. आज सहा, उद्या पाच, प्रत्येकी पाच मिनिटं. मोजणीच्या दिवशी मात्र दोन तासिका जोडून घ्या, ३५ मिनिटांत टेप उलगडून गुंडाळण्यातच वेळ जातो.

२० गुणांपैकी ८ गटाला, १२ प्रत्येकाला स्वतंत्र. दर शुक्रवारी एक चिठ्ठी: 'छत ८ × ५ मी., पाऊस १५ मिमी. टाकीत किती?' ज्याने काम केलंय तो ४८० लिटर काढतो. जो ६०० लिहून थांबला, त्याला सूत्र कळलंय पण पन्हळ त्याने पाहिली नाही. त्याला पुढच्या आठवड्यात मोजणारा करा.

खडूफळा
खूप आभार, पागोळीची रेघ लक्षातच आली नव्हती. दोन शंका: रविवारी शाळा बंद, त्या दिवसाचं काय? आणि आमचा आकडा सरकारी आकड्याशी जुळला नाही तर?

पन्हळ
सोमवारच्या वाचनापुढे '२ दिवसांचा' असं लिहा, निम्मं-निम्मं वाटू नका. महसूल मंडळाचा रोजचा पाऊस कृषी विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो. तुम्ही ११ ला वाचलंत तर साडेआठनंतरची सर तुमच्याकडे आज आणि त्यांच्याकडे उद्या लागते. जवळ राहणाऱ्या दोन मुलांना ८:३० चं काम द्या. तरीही फरक राहील, कारण पाच-सात किलोमीटरवर पाऊस बदलतो. आपला आकडा खोडून त्यांचा लिहू देऊ नका. दोन्ही शेजारी लिहा आणि फरक का पडला ते मुलांनाच शोधू द्या.