ज्याचा राग यायला हवा, त्याच्याच बाजूने आपण का?

ताई: ब्रेकिंग बॅड या अमेरिकन मालिकेचा तिसरा सीझन काल संपवला. सगळ्यांना एक विचारायचंय, डोक्यातून जातच नाहीये. वॉल्टर व्हाइट ड्रग्ज बनवतो, माणसं मारतो, घरी रोज खोटं बोलतो. आणि मला राग कुणाचा येतोय, तर त्याच्या बायकोचा. का, तर ती प्रश्न विचारते म्हणून! त्याचा पोलीस साडू हँक त्या जुन्या गाडीच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि वॉल्टर आत लपलेला, तेव्हा मी श्वास रोखून बसले होते. पोलिसासाठी नाही, वॉल्टरसाठी. असं का होतं?

दादा: तू एकटी नाहीस. स्कायलरचं, म्हणजे त्या बायकोचं काम करणाऱ्या ॲना गनने २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये यावर लेखच लिहिला होता. प्रेक्षक आधी पात्राचा तिरस्कार करत होते, मग तो तिरस्कार थेट तिच्यावर, म्हणजे त्या नटीवर उतरला.

दादा: माझ्या मते कारण पहिल्याच भागात आहे. वॉल्टर शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, ते सुटलं की गाड्या धुण्याच्या ठिकाणी काम करतो, तिथे स्वतःच्या विद्यार्थ्याच्या गाडीची चाकं पुसतो. मग कॅन्सर कळतो. हे सगळं आपण त्याच्या शेजारी उभं राहून बघितलेलं असतं. स्कायलरला यातलं फार थोडं माहीत असतं, म्हणून ती आपल्याला अडथळा वाटायला लागते.

काका: हे आजकालच्या लेखकांनी करून ठेवलंय. आधी खलनायक म्हणजे खलनायक होता. आला की लोक शिव्या घालायचे, मेला की टाळ्या. आता प्रत्येकाचं बालपण दाखवायचं, प्रत्येकाला रडवायचं. मग बघणाऱ्याचा गोंधळ होणारच.

आत्या: नाही रे, हे फार जुनं आहे. हॉलिवूडने १९३० मध्ये चित्रपटांसाठी एक नियमावली लिहिली आणि १९३४ पासून ती सक्तीने पाळायला लावली. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याच्या, पापाच्या बाजूला कधीही जाता कामा नये. लोकांची मनं तिकडे ओढली जात होती म्हणून तर असा नियम लिहावा लागला ना! नियमावली १९६८ पर्यंत होती. आणि ती असतानाच, १९६० मध्ये, हिचकॉकने सायको केला.

आत्या: सायको ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पुढचं वाचू नका. ज्यांनी पाहिलाय त्यांनी तो दलदलीचा प्रसंग आठवा. जिच्याबरोबर आपण सिनेमाभर जाणार असं वाटत होतं ती बाई मध्येच मारली जाते. मोटेल चालवणारा नॉर्मन येतो, न्हाणीघर पुसून काढतो, प्रेत गाडीच्या डिकीत ठेवतो आणि गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडायला लागते आणि अर्ध्यावर थांबते. नॉर्मन थबकतो. आपणही थबकतो. मग गाडी पूर्ण खाली जाते आणि आपल्याला हायसं वाटतं. जिच्यासाठी आत्तापर्यंत जीव खालीवर होत होता तिचंच प्रेत त्या गाडीत आहे, आणि आपल्याला हायसं वाटतं! हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रूफोला दिलेल्या मुलाखतीत या क्षणाबद्दल सांगितलंय. गाडी थांबते तेव्हा बघणाराच मनात म्हणतो, जाऊ दे खाली.

काकू: वन्सं, अंगावर काटा आला. मला अगदी असंच वाटलं होतं.

धाकटा: पण आत्या, त्या वेळी आपल्याला वाटत असतं की खून आईने केलाय आणि तो बिचारा तिला वाचवतोय.

आत्या: बरोबर, ती लेखकाची हुशारी आहे. पण त्याहून मोठं कारण मला ती साफसफाई वाटते. किती सावकाश दाखवलीये! फरशी पुसणं, बादली, पडदा, बारीकसारीक वस्तू उचलणं. कुणी मन लावून एखादं काम करत असलं आणि आपण ते पहिल्यापासून बघत असलो की ते तडीस जावं असंच वाटतं. काम कसलं आहे हा विचार मागाहून येतो. दरोड्याच्या सिनेमात तिजोरी उघडताना आपण चोराच्या बाजूने असतो ते यामुळेच.

दादा: वॉल्टरचंही तेच. त्याच्यासारखा माल कुणालाच बनवता येत नाही, हे आपल्याला पुन्हा पुन्हा दाखवलं जातं. शाळेत ज्याला कुणी विचारत नव्हतं त्या माणसाची हुशारी शेवटी कुणीतरी ओळखली, याचं आपल्याला बरं वाटतं.

काकू: मग गब्बरचं काय? त्याला ना बालपण दाखवलंय, ना आजार, ना कुठली जखम. तरी १९७५ पासून आजवर पोराटोरांच्या तोंडी त्याचे संवाद आहेत. शोलेच्या गाण्यांबरोबर नुसत्या संवादांच्याही तबकड्या निघाल्या होत्या आणि लोक त्या ऐकत बसायचे. अमजद खान तेव्हा नवखाच होता की.

दादा: काकू, गब्बर आवडतो, पण तो जिंकावा असं कुणाला वाटतं का? ठाकूरच्या घरातल्या त्या लहान मुलावर गोळी झाडतो तेव्हा थिएटरात एकही माणूस त्याच्याकडून नसतो. त्याचं बोलणं आवडणं वेगळं आणि त्याच्या बाजूने उभं राहणं वेगळं. ताईचा प्रश्न दुसऱ्याबद्दल आहे.

काका: हे पटलं. गब्बरच्या बाबतीत आपला गोंधळ नाही. मूळ शेवटात तर ठाकूर त्याला पायांनीच मारून टाकतो. सेन्सॉरमुळे तो बदलून पोलीस आणावे लागले. मूळ शेवट तसाच राहिला असता तरी कुणी गब्बरसाठी हळहळलं नसतं.

धाकटा: डार्क नाइटमधल्या जोकरलाही धड भूतकाळ नाही. तोंडावरच्या व्रणांची गोष्ट तो दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळी सांगतो. म्हणजे आपल्याला दया यावी अशी सोयच ठेवलेली नाही. तरी तो नसलेल्या प्रसंगांत आपण त्याची वाट बघतो, कारण सिनेमा तोच पुढे नेतो. बॅटमॅन फक्त त्याच्या मागे धावतो. बहुतेक गोष्टींत हे असंच असतं ना? नायकाला जे आहे ते टिकवायचं असतं. काहीतरी घडवायचं असतं ते खलनायकाला.

धाकटा: आणि काहींचा तर मुद्दाच बरोबर असतो. ब्लॅक पँथरमधला किलमाँगर विचारतो की जगभर आपली माणसं चिरडली जात असताना तुम्ही एवढी ताकद लपवून का बसलात? याला टीचालाकडे, म्हणजे वकांडा या लपून राहिलेल्या देशाच्या राजाकडे, उत्तर नसतं. किलमाँगर मरतो, पण त्यानंतर टीचाला वकांडाची दारं जगासाठी उघडतोच. खलनायक हरला आणि त्याचा प्रश्न जिंकला. हा मला सगळ्यात आवडणारा प्रकार.

आत्या: छान मांडलंस. फक्त एक गोष्ट मला अशा सिनेमांत खटकते. माणूस बरोबर बोलायला लागला की लेखक घाबरतो आणि त्याच्या हातून एखादा निर्घृण खून करवून घेतो, म्हणजे आपण त्याचं ऐकायचं सोडून द्यावं. किलमाँगर आपल्याच मैत्रिणीला गोळी घालतो ती जागा मला तशी वाटते. त्याच्या प्रश्नापासून सुटका करून घेतल्यासारखी.

ताई: हे सगळं पटतंय, पण माझी बोच वेगळी आहे. १९९३ चा डर आठवा. राहुल किरणचा पाठलाग करतो, रात्री-अपरात्री फोन करतो, तिच्या घरात शिरतो. तिची भीतीने अवस्था काय होते ते पडद्यावर दिसतं, सिनेमाचं नावच भीती आहे. आणि तरी लोक राहुलच्या प्रेमात पडले. फोनवरचं त्याचं अडखळत किरण म्हणणं कॉलेजात मुलं मुलींना ऐकवायची. त्या मुलींना ते कसं वाटत असेल? शाहरुखचं काम उत्तम होतं, वाद नाही. पण किरणचं सगळं दुःख त्याच्या विरहापुढे फिकं पडलं. नुसतं मनोरंजन म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही.

काकू: अगदी खरं. आम्ही तेव्हा काही बोललो नाही एवढंच. मैत्रिणींच्यात बोलायचो.

काका: पण प्रेक्षकाला अक्कल असते. पडद्यावर आवडला म्हणून कुणी घराबाहेर जाऊन तसं वागत नाही.

दादा: बहुतेक जण नाहीच वागत. यावर २०२० मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या रेबेका क्राउस आणि डेरेक रकर यांचा अभ्यास आला होता. आपल्यासारख्या स्वभावाचा वाईट माणूस प्रत्यक्षात भेटला तर आपण त्याच्यापासून लांब पळतो, कारण त्याच्यात आपली छबी दिसणं सोसत नाही. तोच माणूस कथेतला असला की उलट जवळचा वाटतो. कथा आहे म्हणून आपल्यावर डाग येत नाही, आणि स्वतःच्या त्या बाजूकडे निवांत बघता येतं.

ताई: ते मला चालेल. स्वतःकडे बघायला मिळत असेल तर बघावंच. पण मग ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा चेहराही दिसत राहिला पाहिजे. मी आता प्रत्येक सिनेमाला हेच विचारते. मेलेला माणूस लेखकाच्या लक्षात आहे का?

आत्या: सामना!

आत्या: आपल्याकडे यात सामनाच्या तोडीचं मला दुसरं दिसत नाही. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेला सिनेमा. हिंदुराव धोंडे पाटील किती मोहात पाडणारा माणूस आहे! निळू फुले तो आवाज न चढवता उभा करतात. त्याने कारखाना उभा केलाय, गावाला कामाला लावलंय, कुणाशी कसं बोलायचं हे त्याला बरोबर कळतं. श्रीराम लागूंनी केलेले मास्तरही त्याच्या घरात राहतात, त्याची दारू पितात. लागू आणि फुले समोरासमोर बसले की हिंदुरावाचंच ऐकत राहावंसं वाटतं. पण मास्तर एकच प्रश्न विचारत राहतात. मारुती कांबळेचं काय झालं? तो प्रश्न आला की हिंदुरावाचं सगळं मोठेपण तिथल्या तिथे थांबतं. ज्याला नाहीसं केलं तो माणूस त्या एका नावामुळे सिनेमाभर हजर असतो.

काका: अक्का, हे मात्र मान्य. सिनेमातलं बाकी कमी आठवतं, तो प्रश्न पक्का आठवतो.

आत्या: आणि शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड बघ, तोही १५९० च्या दशकातला. रंगमंचावर येतो तोच आपल्याशी बोलत. पुढे काय डाव टाकणार ते आधी आपल्याला सांगतो, आणि तो तसाच पडला की आपण खूश होतो, जणू कटात आपणही आहोत. राजा झाल्यावर मात्र तो आपल्याशी फारसं बोलत नाही, आणि तिथून आपलंही मन त्याच्यावरून उडत जातं. शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री त्याने मारलेल्या माणसांची भुतं एकेक करून येतात आणि त्याला शाप देतात. नाटककाराने आपल्याला त्याच्या शेजारी बसवलं, मग मेलेल्यांना परत बोलावून समोर उभं केलं.

ताई: म्हणजे आधी आपल्याला त्याच्याकडे ओढायचं आणि मग हिशेब दाखवायचा. डरमध्ये मला हा हिशेबच दिसत नाही. शेवटी राहुल मरतो, पण मरतानाही तोच करुण वाटतो.

आजोबा: उशिरा वाचलं, सगळं वाचलं. भासाचं ऊरुभंग कुणाला आठवतं का? छोटं संस्कृत नाटक आहे. भीमाने गदायुद्धाचा नियम मोडून दुर्योधनाच्या मांड्या फोडल्या आहेत आणि तो जमिनीवर पडला आहे. त्याचा लहानगा मुलगा दुर्जय येतो आणि सवयीने मांडीवर बसायला जातो. दुर्योधनाला नाही म्हणावं लागतं. आयुष्यभर ज्याचा राग केला त्याच्यासाठी त्या जागी डोळ्यांत पाणी येतंच.

धाकटा: पण आजोबा, ताईची कसोटी लावली तर? द्रौपदीचं काय? भर सभेत तिला ओढून आणवणारा हाच ना?

आजोबा: मला वाटलंच होतं तू विचारणार. मरताना तो मुलाला निरोप देतो तो ऐक. पांडवांची सेवा कर, कुंतीच्या आज्ञेत राहा, सुभद्रेला आणि द्रौपदीला आईसारखं मान. ज्या स्त्रीचा अपमान केला तिचं नाव तो स्वतः घेतो, आणि आई म्हणून मुलाला सांगतो. भासाने ते दुसऱ्या कुणाच्या तोंडी घातलं नाही.

ताई: हे मला माहीत नव्हतं. आजोबा, पण एवढ्याने फिटतं का?

आजोबा: नाही फिटत. तिथे कुणी त्याला माफ केलंय असंही नाही. मुलाला सांगायचं ते सांगून झाल्यावर अश्वत्थामा येतो, रागाने पेटलेला. दुर्योधन त्याला आवरायला बघतो, द्रौपदीला केस धरून ओढलं, अभिमन्यूला मारलं, पांडवांना द्यूतात फसवून वनात धाडलं, हे आपलेच अपराध त्याला मोजून दाखवतो. त्या मानाने पांडवांनी माझं काय केलं, असं विचारतो. अश्वत्थामा ऐकत नाही. रात्रीच्या हल्ल्याची प्रतिज्ञा करतो आणि दुर्जयाला तिथेच राजा म्हणून जाहीर करतो.

ताई: उद्या तुमच्याकडे येते. नाटक आपण दोघं बसून वाचू.