मदत हवी आहे: १९५९ ची एमजीए, दोन्ही सिल गंजाने गेल्यात. घरीच कापू का?

खाजनकाठ:

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

मामेसासऱ्यांची एमजीए रोडस्टर (एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार) आता आमच्याकडे आली आहे. १९५९ ची, म्हणजे पोर्तुगीज अमदानीत गोव्यात उतरलेली. नंबर मात्र नंतरचा, गोवा-दमण-दीवच्या काळातला, ‘जीडी’ने सुरू होणारा. आधी बरीच वर्षं ती मिरामारला समुद्राच्या वाऱ्यावर उभी असे, नंतर फोंड्याकडच्या घरी मांगरात (घराशेजारच्या कौलारू खोपटात). मांगराची कौलं शाबूत आहेत, वरून थेंब गळत नाही. पण जमीन मातीची, शेणाने सारवलेली, आणि चार महिने खालून ओल येत राहते. त्यामुळे गाडी वरून बघणारा म्हणतो, पॉलिश मारा आणि काढा रस्त्यावर. खाली वाकून बघितलं की बोलती बंद.

स्क्रूड्रायव्हरने टोचत गेलो. डावी सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची पोकळ पट्टी, पुढच्या खांबापासून मागच्या चाकापर्यंत पापडासारखी झाली आहे, टोक आत जातं आणि बाहेर काढताना मूठभर लाल भुसा घेऊन येतं. उजवी जरा बरी, पण जरा म्हणजे जराच. पुढच्या मडगार्डच्या खालच्या भागावर चुंबक फिरवलं तर चिकटायला तयार नाही. तिथे कुणीतरी कधीकाळी लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) थापून वरून रंग मारला आहे, फुटलेल्या कडेला तिचा थर अंगठ्याएवढा दिसतो. फरशी या गाडीला मुळातच प्लायवूडची. ती कुजलीच, पण ज्या लोखंडी पट्ट्यांवर ती बसते त्याही गेल्या, कारण ओलं लाकूड वर्षानुवर्षं त्यांना चिकटून होतं. सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यांचे पिंजरे आता नावालाच उरलेत. दारांचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, तो तसा ठीक आहे. पण जिथे तो आतल्या लोखंडी सांगाड्यावर दुमडला आहे तिथे पांढरी पूड आणि फोड आलेत.

चॅसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) हातोडीने ठोकून पाहिली. बहुतेक ठिकाणी खणखणीत वाजते, बॅटऱ्यांच्या आसपास मात्र बद्द.

इंजिनाची काळजी नाही. बी सिरीजचं १४८९ सीसी, आपल्या जुन्या ॲम्बॅसडरच्या इंजिनाचं सख्खं भावंड. आमचा मेस्त्री म्हणतो, ते माझ्यावर सोडा.

आता सल्ले ऐका. डेंटिंगवाला म्हणतो, ‘सायबा, पत्रा कित्याक कापता, लांबी मारून दितां, चवथीपयलीं गाडी दारांत.’ मेहुणा म्हणतो, कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरना फायबर मारणारे आहेत, त्यांना आणून आतून मॅट आणि रेझिन मारून घेऊ, आयुष्यात गंज नाही. शेजारचे काका मांडवीवरच्या बार्जेसवर वेल्डिंग करत असत. ते म्हणतात, सहा मिलिमीटरची प्लेट पाण्याखाली टिकते तर तुझी गाडी काय चीज आहे.

मला स्वतःला करायचं आहे. जागा आहे, ग्राइंडर, ड्रिल, कॉम्प्रेसर आहे, मित्राचं सिंगल फेज मिग मशीन (तार आणि गॅसवर चालणारं वेल्डिंग मशीन) मिळतं. गेट, ग्रील, शेडच्या कैच्या वेल्ड केल्यात, पातळ पत्र्यावर हात बसलेला नाही. प्रश्न असे, की बॉडी चॅसीवरून उचलावीच लागेल का? सिल जागेवर कापली तर दारं पुन्हा बसतील का? आणि फायबरचं खरंच काही ऐकण्यासारखं आहे का?

डिचोलीकर:

फोटो टाका. फोटोशिवाय गंजाचा धागा म्हणजे मिठाशिवाय हुमण.

पत्रेवाला:

खाजनकाठ, आधी दिलासा. एमजीएला वेगळी चॅसी असते. एमजीच्याच एमजीबी किंवा मिजेट असती तर बॉडी हीच चॅसी, तिथे सिल कापली आणि आधार दिला नाही तर गाडी कमरेत बसते. तुमच्याकडे वजन चॅसी पेलते, सिल दाराची चौकट धरून ठेवते. म्हणून हे घरी होण्यासारखं काम आहे. पण कशीही कापा असा त्याचा अर्थ नाही. या गाडीत सगळी परीक्षा दाराच्या फटींची. समोरचा खांब केसभर झुकला तरी दार मागे घासतं आणि वर उघडं दिसतं, मग कितीही सुंदर रंग द्या.

बॉडी आत्ता उचलू नका. सिल सडलेली असताना उचलाल तर दोन्ही खांब आपापल्या वाटेने जातील. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या, मांगराच्या मातीवर नको. स्टँड ॲक्सलखाली द्या, म्हणजे चाकांवर उभी असताना चॅसीवर जसा भार असतो तसाच राहील. दारं लावून फटी मोजा आणि मापं मास्किंग टेपवर तिथल्या तिथे लिहून ठेवा. मग दार काढून २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत आडवा लावा. तो वेल्ड करू नका. दोन्ही टोकांना पट्ट्या जोडा आणि बिजागरी व स्ट्रायकरच्या (दाराचं कुलूप जिथे अडकतं त्या भागाच्या) मूळ भोकांतून बोल्टने आवळा. फायदा असा, की मधेच पाइप काढून दार लावून बघता येतं. आणि ते बघायचंच आहे, पुन्हा पुन्हा.

एका वेळी एकच बाजू. डावी पूर्ण झाल्याशिवाय उजवीला ग्राइंडर लावायचा नाही.

कापायचं कुठपर्यंत? गंज दिसतो तिथे संपत नसतो. पत्रा घासल्यावर स्वच्छ चमकतो आणि पोगराने टोचल्यावर दबत नाही तिथपर्यंत जा, वर बोटभर आणखी. खांबांची खालची टोकं गेली असतील तर आधी ती, मग सिल. नवी सिल इंग्लंडमध्ये आजही तयार मिळते. कस्टम धरून महाग पडते, पण तो बाक वाकयंत्रावर हुबेहूब काढणं आपल्याकडे सोपं नाही. साधे तुकडे मात्र सीआरसी (साध्या, जस्त न चढवलेल्या) पत्र्यातून इथेच कापा. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा वेल्ड करू नका, जस्ताच्या धुराने रात्री ताप भरतो.

नवी सिल आधी स्क्रूने धरा, दार लावा, फटी बघा. टाके मारा, दार लावा, फटी बघा. मग वेल्डिंग. मिगला ०.६ ची तार, करंट कमी, आणि सलग रेघ ओढायची नाही. एक ठिपका इथे, दुसरा वीतभर लांब, हात लावून बघा, गरम लागला तर थांबा. गेटवर बसलेला हात इथे आडवा येतो, कारण गेटला सलग ओढायची सवय असते. भंगारातून एखाद्या मारुतीचं मडगार्ड आणून त्यावर आधी भोकं पाडून घ्या, तिथे पाडलेली स्वस्त पडतात.

आता सल्लागार मंडळी. बार्जवाल्या काकांना बॉडीच्या पत्र्याजवळ येऊ देऊ नका, त्यांच्या इलेक्ट्रोडपुढे एक मिलिमीटरचा पत्रा उरणार नाही. पण चॅसीत बॅटऱ्यांजवळ जिथे बद्द वाजतं, तिथे जाड तुकडा बसवायला त्यांच्याइतका चांगला माणूस तुम्हाला सापडणार नाही. मान देऊन बोलवा. फायबर सडक्या पत्र्यावर मारलं तर आतला गंज थांबत नाही, फक्त दिसायचा बंद होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, मग फुगून फायबर सुटतं आणि त्या पोकळीत पाणी साचतं. ट्रॉलरला ते चालतं कारण आत लोखंड नसतं. लांबीचंही तेच, ती पाणी पिते. स्वच्छ पत्र्यावर, प्रायमरवर, पातळ थर एवढंच तिचं काम.

आणि पावसात पत्रा उघडा करू नका. आपल्याकडे आषाढात संध्याकाळी घासलेला पत्रा सकाळी तांबूस झालेला असतो. आत्ता फक्त खोला, पिशव्यांत नटबोल्ट भरून नावं लिहा, फोटो काढा. कापाकापी दसऱ्यानंतर. त्या दिवशी जेवढं घासाल तेवढं त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमरने झाका. रेड ऑक्साइडवर विसंबू नका, ओल त्यातून आत जाते.

माटोळी:

छोटे सुटे भाग (कंस, पट्ट्या, नटबोल्ट) घासत बसू नका. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, त्यात बुडवून ठेवा. आठवडा-दोन आठवड्यांत गंज सुटतो, चांगलं लोखंड तसंच राहतं. वास मात्र असा येतो की घरचे तुम्हालाही मांगरात पाठवतील.

घाई असेल तर धुण्याचा सोडा पाण्यात घालून बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, भंगार लोखंड धन टोकाला. धन टोकाला स्टेनलेस स्टीलचं भांडं अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे अंगणातच, कारण हायड्रोजन सुटतो.

पत्रेवाला:

माटोळीताईंशी सहमत, फक्त दारं त्या सोड्यात बुडवू नका. ॲल्युमिनियम त्यात खाल्लं जातं. दारांना वेगळा ब्रशही ठेवा. लोखंडावर वापरलेला वायर ब्रश ॲल्युमिनियमवर फिरवला तर लोखंडाचे कण त्यात रुतून बसतात आणि तिथूनच पुन्हा सुरुवात होते. दुमड उघडून पांढरी पूड काढा, सांगाड्याला एपॉक्सी द्या, दोन धातूंमध्ये सीलंटचा थर ठेवा.

अँबीवाला:

गंजाबद्दल मंडळी बोललीच आहेत, मी कागदांचं बोलतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर राखता येतो, म्हणजे तुमचा ‘जीडी’ वाचतो. नवी नोंदणी असेल तर ‘व्हीए’ मालिका आणि २०,००० रुपये फी. पण चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल नकोत असं नियम म्हणतो, तेव्हा कापाकापीआधीचे आणि नंतरचे फोटो जपा. बल्कहेडवरची (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरची) नंबरपट्टी काढलीत तर घरातल्या कपाटात ठेवा, मांगरात नको.

खाजनकाठ:

सगळ्यांचे आभार. फायबर बाद, मेहुण्याला कळवलं, तो रुसला आहे. काकांना चॅसीचं सांगितल्यावर त्यांनी लगेच चष्मा शोधायला घेतला. डिकीचं झाकण आणि सीट आज काढतोय.

पत्रेवाला, दोन शंका. मिगला नुसता सीओटू सिलिंडर चालेल का, की आर्गन मिक्सच हवा? आणि सिल बंद झाल्यावर आतून काय करायचं? आत तर ब्रश जात नाही.

पत्रेवाला:

सीओटूवर होतं, पण तो जास्त खोल जाळतो, पातळ पत्र्याला मिक्स गॅस बरा. कुंडई किंवा वेर्णा वसाहतीत चौकशी करा, सिलिंडर मिळेल.

आतून: बंद करण्याआधी सांध्यांच्या दोन्ही बाजूंना जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावरून वेल्ड करता येतं असा). बाहेरचा रंग झाल्यावर खालच्या भोकांतून लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळ्यांत मारायचं गंजरोधक मेण) फवारा, थेंब बाहेर गळेपर्यंत. ती भोकं मात्र बुजवू नका, पाणी तिथूनच जातं. रंगाच्या आधी वॅक्स मारलंत तर रंग धरणार नाही.

आणि सीट काढताय तर पेट्रोलची टाकीही आजच उतरवा. रिकामी असली तरी, किंबहुना रिकामी असली तर जास्तच, आतली वाफ पेटते. बॅटऱ्या बाहेर. जुना रंग घासताना साधा रुमाल नको, चांगला मास्क लावा, त्या काळच्या रंगात शिसं असायचं.

डिचोलीकर:

फोटो?