वस्तीतल्या डायबेटिसला ॲप हवं की आधी स्ट्रिपा?

बैंगनवाडीकर
गेल्या महिन्यात आमच्याकडे गोवंडीत शुगरचा कॅम्प होता, आईची जेवणानंतरची ३१० निघाली आणि लगेच तिथला मुलगा म्हणे फोन द्या, ॲप टाकतो. आईकडे बटणवाला फोन, म्हणून माझ्यात टाकलं. आता मी सकाळी ७ ला बाहेर पडतो, रात्री ९ ला येतो, दुपारी "गोळी घेतली का" वाजतं ते माझ्या खिशात लोकलमध्ये. कॅम्पवाले परत फिरकले नाहीत. माझं स्पष्ट मत, आधी गोळ्या आणि शुगर तपासायच्या स्ट्रिपा फुकट द्या, ॲपचं मग बघू.

साखर_कमी
नाही पटलं भाऊ. एक ॲप चुकलं म्हणून फोनच नको का? २०१३ मध्ये छापून आलेला दक्षिण भारतातला अभ्यास आहे, डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेले ५३७ पुरुष, निम्म्यांना नुसते साधे एसेमेस पाठवले, २ वर्षांनी त्यांच्यातल्या १८% लोकांना डायबेटिस झाला आणि बाकीच्यांत २७% ना. स्मार्टफोन लागला नाही की नेट नाही. मुंबईत महापालिकेच्या २०२१ च्या सर्वेत १८ ते ६९ वयातल्या १८% लोकांची उपाशीपोटी शुगर जास्त निघाली होती, एवढ्यांच्या दारी डॉक्टर कुठून पाठवणार?

मेडिकलवर_१२_वर्षं
तो अभ्यास नोकरीवाल्या पुरुषांवर होता हो, आणि त्यांना अजून डायबेटिस झालेला नव्हता. माझ्या काउंटरला बायका येतात, मेटफॉर्मिनचं, म्हणजे शुगरच्या गोळ्यांचं अख्खं पाकीट नाही, ५ गोळ्या कापून मागतात, पगार झाला की पुढच्या ५. मधले दिवस कोरडे. ते विसरल्यामुळे नाही, पैसे नव्हते म्हणून, मेसेज तिथे काय करणार? शुगर तपासायचं मशीन एकदाच घ्यायचं पण त्याची स्ट्रिप एकेक २० रुपयांच्या आसपास जाते. आणि मेसेजात काय तर भात कमी खा. रेशनला महिन्याला माणशी ५ किलो गहू तांदूळच मिळतात, भाजी विकतच घ्यावी लागते ना.

वस्तीत_फिरणारी
मी आरोग्यसेविका आहे म्हणून सांगते, दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. ३० वर्षांपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतो आम्ही, कंबरेचा घेर, तंबाखू, घरात कोणाला शुगर आहे का. आधी कागदावर मग मोबाईलवर, त्यात नेट जातं, रात्री घरी बसून भरते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तरी मला ती नोंद हवीये. आमच्याकडची निम्मी माणसं लग्नसराईत गावाला जातात, दोन महिन्यांनी येतात तेव्हा केसपेपर गायब आणि डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून. नोंद असली की मागचं एचबीएवनसी, म्हणजे शुगरची तीन महिन्यांची सरासरी, समोर दिसते. कोण गोळ्या न्यायला आलं नाही तेही कळतं आणि मी त्याच घरी जाते. पेशंटच्या हातात ॲप नसलं तरी चालेल, माझ्या हातात हवं.

साखर_कमी
हेच म्हणत होतो मी!

बैंगनवाडीकर
नाही, तू आईच्या फोनवर मेसेज म्हणत होतास. तिला वाचता येत नाही. ताई म्हणतात ते मान्य आहे मला, पण तुम्ही घरी गेलात आणि दवाखान्यात गोळ्याच संपल्या असतील तर? आमच्याकडे दोनदा "पुढच्या आठवड्यात या" ऐकलंय.

वस्तीत_फिरणारी
मग माझ्या तोंडाला फेस येतो, लोक मलाच बोलतात. म्हणून तर साठा किती उरलाय हे पण त्याच मोबाईलवर दिसायला हवं, म्हणजे मी कुणाला उगाच चालत पाठवणार नाही.

बैंगनवाडीकर
ताई एक विचारतो, तुमच्या यादीत नंबर कोणाचा आहे हे लिहायला जागा असते का? आईच्या नावापुढे माझाच नंबर असणार.

वस्तीत_फिरणारी
नंबरचा एकच रकाना आहे. मी माझ्या वहीत बाजूला लिहून ठेवते, "मुलाचा, रात्री ९ नंतर".