मदत हवी आहे: एकर-गुंठ्यांची यादी फोडायची आहे, स्प्लिट की रेगेक्स?

मलप्रभाकाठ:
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. भाऊकीत वाटणीची बोलणी चालू आहेत. काकांनी सगळ्या जमिनींची यादी मोबाइलवर टाइप करून पाठवली आहे, काही ओळी कन्नड उताऱ्यावरून, काही जुन्या वहीतून. "तू कॉम्प्युटरवाला, बेरीज काढून दे" एवढाच हुकूम. सर्व्हे नंबर, क्षेत्र, पीक, गाव असा क्रम आहे. नमुना बघा:

४५/२अ, २-३०, भात, नंदगड
45/2ब, 1.20, भात, नंदगड
१०३/१, ०-३८-८, काजू, आंबा, हलशी
१२/२, १.५, नाचणी, बांधावर फणस, जांबोटी

एक्सेल सुचवू नका. तिथं 12/2 टाकलं की बारा फेब्रुवारी होतो. 2.30 आणि 1.20 ची बेरीज 3.50 येते. एकराचे गुंठे ४०, म्हणजे खरं उत्तर ४ एकर १० गुंठे. कुणी साडेतीन एकर समजून बसला तर तीस गुंठे गायब, आणि आमच्यात तेवढ्यावरून येणं-जाणं बंद होतं.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्वल्पविरामावर स्प्लिट केलं, म्हणजे ओळ तोडली, की पहिल्या दोन ओळींचे चार तुकडे पडतात, पुढच्या दोन्हींचे पाच. मग गाव धरायला रेगेक्समध्ये (मजकुरातला साचा ओळखायची खूणभाषा) बॅकस्लॅश-डब्ल्यू लावून पाहिलं, तर नंदगडचे 'न' आणि 'दगड' असे दोन तुकडे! हलशीचं 'हलश' उरलं. सगळं एकाच रेगेक्समध्ये बसवायचं म्हणतोय. जमेल का?

निपाणी_पट्टा:
दगड वाचून हसलो राव. पायथनच्या नेहमीच्या 're' मॉड्यूलमध्ये... म्हणजे 'आरई' मध्ये, बॅकस्लॅश-डब्ल्यू अक्षर आणि आकडा ओळखतो, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार त्याच्या लेखी अक्षरच नाहीत. त्याच्या नादी लागू नका. "स्वल्पविराम सोडून काहीही" एवढंच सांगा:

^([^,]+),([^,]+),(.+),([^,]+)$

मधला कंस हावरा आहे, जमेल तेवढं गिळतो, पण शेवटच्या गावासाठी त्याला एक स्वल्पविराम सोडावाच लागतो. त्यामुळे 'काजू, आंबा' एकत्र राहतं. तुकड्यांच्या कडेच्या मोकळ्या जागा तेवढ्या झाडून घ्या.

घटप्रभा:
रेगेक्स नको असेल तरी चालतंय की. डावीकडून दोन वेळाच स्प्लिट करा, उरलेल्या भागाला उजवीकडून एकदा. काम तेच, आणि सहा महिन्यांनी वाचलं तरी कळतं. एकाच रेगेक्सचा हट्ट मात्र सोडा दादा. ओळ फोडणं वेगळं, क्षेत्र वाचणं वेगळं.

त्याआधी सगळे आकडे एका लिपीत आणा, नाहीतर ४५ आणि 45 हे दोन वेगळे सर्व्हे नंबर ठरतील. मग क्षेत्राच्या तुकड्याला हे लावा:

^([0-9]+)[-.]([0-9]+)(?:[-.]([0-9]+))?$

तिसरा आकडा आण्यांचा, असला तर असला. १६ आण्यांचा गुंठा. सगळ्याचे आणे करून बेरीज करा, शेवटी पुन्हा एकर-गुंठे. दशांश कुठंच येऊ देऊ नका. गुंठे ३९ च्या वर किंवा आणे १५ च्या वर दिसले तर ती ओळ बाजूला काढा. आणि जी ओळ रेगेक्समध्ये बसत नाही तीही बाजूला छापा, गुपचूप गाळू नका.

मलप्रभाकाठ:
दोघांचेही आभार. स्प्लिटनंच करालोय. नंदगड अख्खं आलं! पण त्या १.५ चं काय? रेगेक्स त्याला १ एकर ५ गुंठे म्हणतोय.

घटप्रभा:
ते रेगेक्सला विचारून कळणार नाही. १.५० असतं तर पन्नास गुंठे होत नाहीत म्हणून पकडता आलं असतं. १.५ मध्ये १ एकर ५ गुंठेही बसतात आणि दीड एकरही. फरक १५ गुंठ्यांचा आहे. उतारा काढून बघा, नाहीतर काकांना फोन लावा.

निपाणी_पट्टा:
उताराच बघा. काकांचा हिस्सा त्याच नंबरात असेल तर फोन नको.