मदत हवी आहे: प्रेसला प्रदूषण मंडळाची नोटीस, खुलासा काय देऊ?

राजारामपुरी_प्रेस: अर्जंट. शेजाऱ्यानं वासाची तक्रार केलीय. मंडळाचं संमतीपत्र दाखवा, सात दिवसांत खुलासा द्या म्हणून नोटीस आलीय. वडिलांपासून प्रेस आहे, कधी कुणी विचारलं नाही. लग्नसराई तोंडावर आहे. भाषण नको, काय करू तेवढं सांगा.

उद्यमनगरकर: छपाई कुठली, ऑफसेट, स्क्रीन की फ्लेक्स? किती कलर? गल्लीत आहे की एमआयडीसीत?

राजारामपुरी_प्रेस: अहो प्रेस म्हणजे प्रेस. कागदावर छापतो!

शाईचा_डाग: सगळं विकून डिजिटल घ्या. मी घेतलं, कटकट संपली.

उद्यमनगरकर: डिजिटल घेतलं म्हणून आपोआप सुटका होत नाही. उद्योगांच्या प्रदूषणानुसार वर्गवारीत लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा असे गट आहेत. पांढऱ्यात बसलात तर नुसतं कळवायचं, नाहीतर 1981 च्या हवा कायद्याच्या कलम 21 खाली संमती लागते. आधी उभारणीची, मग चालवायची. अर्ज ऑनलाइन, फी भांडवली गुंतवणुकीवर. आणि भावा, ‘वडिलांपासून चालतंय’ हे खुलाशात लिहू नको.

कागदवाला: पत्रिकांच्या बिलावर एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा नंबर) नीट टाका. भाच्याला लई त्रास झाला.

उद्यमनगरकर: जीएसटीचं कुणी विचारलंय?

जुना_मशीनमन: वास शाईचा नसणार. ऑफसेटची शाई तेलाची, तिला एवढा दर्प नसतो. रोलर, ब्लँकेट (मशीनमधलं रबरी कापड) कशानं पुसता?

राजारामपुरी_प्रेस: रॉकेल-पेट्रोल मिसळून. स्क्रीनची जाळी थिनरनं.

जुना_मशीनमन: म्हणजे स्क्रीनपण आहे! आधी सांगायचं की. चिंध्या कुठं टाकता?

राजारामपुरी_प्रेस: दाराशी खोक्यात. एक्झॉस्ट गल्लीकडं आहे, समोर त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी.

जुना_मशीनमन: झालं मग! चिंध्या आजच घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. भंगारवाल्याला देऊ नका, त्या 2016 च्या घातक कचरा नियमांत येतात. थिनरची बाटली उघडी ठेवायची सवय मोडा. एक्झॉस्टचा डक्ट छपरावर न्या. एवढं करून फोटो खुलाशाला जोडा, संमतीचा अर्ज भरल्याची पावतीही.

शाईचा_डाग: यूव्ही शाई (अतिनील दिव्याखाली वाळणारी) वापरा, सॉल्व्हंटचं नावच नाही.

जुना_मशीनमन: आणि यूव्हीच्या पाऱ्याच्या दिव्यातून ओझोन निघतो, त्याला वेगळा एक्झॉस्ट, ते कोण सांगणार? दिसंल त्याला मशीन विकायला बघताय.

शाईचा_डाग: मी कुठं विकतोय? अनुभव सांगितला.

उद्यमनगरकर: जनरेटर आहे का?

राजारामपुरी_प्रेस: 25 केव्हीएचा. आता त्याचं काय?

उद्यमनगरकर: धुराचा पाईप इमारतीच्या वर न्यावा लागतो. किती, तर केव्हीएचं वर्गमूळ गुणिले 0.2. तुमचं 1 मीटर.

राजारामपुरी_प्रेस: सध्या जिन्याखाली संपतो.

कागदवाला: शेजारी देवमाणूस दिसतोय. त्याच्या घरचं काही कार्य असंल तर पत्रिका फुकट छापून द्या.

राजारामपुरी_प्रेस: त्यांच्याच मुलीच्या पत्रिका मशीनवर आहेत हो. ॲडव्हान्सपण घेतलाय.